मदत हवी आहे: मोतीबिंदूनंतर ओसीटीमध्ये (प्रकाशाने छेदचित्र काढणारी तपासणी) डोळ्याच्या पडद्याची जाडी वाढली, ही सूज समजायची का?

वाटसरू_नाशिक: आईच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन पाच आठवडे झाले. आधीच्या ओसीटीत मॅक्युलाच्या (पडद्याचा मधला, बारीक पाहण्याचा भाग) मध्यभागाची जाडी २१४ मायक्रॉन होती, कालच्या अहवालात ती २७१ आहे. डॉक्टरांनी "ठीक आहे" एवढेच म्हणून महिन्याने बोलावले. ५७ मायक्रॉनची वाढ ठीक कशी? कृपया माहीतगारांनीच लवकर उत्तर द्यावे.

केतकी: वय, मधुमेह, चार्टवरील दृष्टी यांपैकी काहीच लिहिलेले नाही. दोन्ही तपासण्या एकाच यंत्रावर झाल्या होत्या का?

आबा_सातारकर: माझ्या डोळ्याला सहाव्या आठवड्यात अशीच सूज आली होती. नेपाफिनॅकचे (सूज उतरवणारे, स्टेरॉइड नसलेले) थेंब घातले आणि दोन महिन्यांत ती उतरली. महिनाभर थांबू नका, आजच सुरू करा.

केतकी: आबा, डॉक्टरांनी लिहून न दिलेले थेंब असे सुचवू नयेत. उद्या कुणी स्टेरॉइडचे थेंब सुचवील आणि डोळ्याचा दाब वाढेल.

आबा_सातारकर: मी स्टेरॉइडचे नावही घेतलेले नाही.

जुना_वाचक: भिंग कोणते बसवले? मल्टिफोकल (जवळचे आणि दूरचे दोन्ही दाखवणारे) असेल तर रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात.

वाटसरू_नाशिक: मी भिंगाविषयी विचारलेले नाही. वय ६६, मधुमेह नाही, दृष्टी ६/६. यंत्र पहिल्या वेळी गावातल्या दवाखान्यातले जुने स्ट्रॅटस होते आणि काल स्पेक्ट्रॅलिस. दोन्ही ओसीटीच, त्यामुळे लिहिण्याची गरज वाटली नाही.

केतकी: सगळी गोम तिथेच आहे. स्ट्रॅटस पडद्याची जाडी प्रकाशपेशींच्या आतल्या व बाहेरच्या भागांमधल्या सांध्यापर्यंतच मोजते, तर स्पेक्ट्रॅलिस त्याखालच्या ब्रुक पटलापर्यंत (पडद्याखालचा पातळ थर) जाते. त्यामुळे निरोगी डोळ्याचा मध्यभागही पहिल्यावर साधारण २०० ते २१० आणि दुसऱ्यावर २७० च्या आसपास भरतो. शिवाय मोतीबिंदू दाट असेल तर प्रकाश पडद्यापर्यंत नीट पोहोचत नाही, संकेत क्षीण येतो आणि यंत्र थरांच्या कडा चुकीच्या जागी धरू शकते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा आकडा मुळातच जपून वाचावा लागतो.

आबा_सातारकर: म्हणजे सूज नाहीच, असे तुम्ही इथे बसून ठरवले?

केतकी: तसे म्हटलेले नाही. नेत्रतज्ज्ञ अर्व्हाइनने १९५३ मध्ये वर्णन केलेली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची ही सूज बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्यातच ठळक होते, आणि दृष्टी ६/६ असतानाही थोडी सूज असू शकते. मात्र ती ओळखायची तर नुसत्या आकड्यापेक्षा छेदचित्रात द्रवाच्या काळ्या पोकळ्या दिसतात का, मधला खळगा भरून आला आहे का, हे पाहावे लागते. कालच्या अहवालात डाव्या डोळ्याचा आकडा असेलच, तो सांगा.

वाटसरू_नाशिक: डावा २६८. उजव्याचा खळगा मला तरी डाव्यासारखाच दिसतो, काळ्या पोकळ्या दिसत नाहीत. पण हे माझे पाहणे. आता डॉक्टरांना फोन करून तेवढेच विचारतो, आणि पुढची तपासणी याच यंत्रावर करवून घेतो.

जुना_वाचक: भिंगाचे मात्र राहूनच गेले.