थंडीतली पहाट, गाडी आणि मित्र: तुमचेही अनुभव लिहा

पाणथळ
माळा आवरताना माकडटोपी सापडली. डांबरगोळ्यांच्या वासाची, एका कानापाशी जळालेली. हातात घेतली आणि थेट जानेवारी २००४ आठवला. बारामतीहून भिगवण, मित्राच्या वडिलांची सीडी १०० मोटरसायकल आणि दोघांत हातमोज्यांची एकच जोडी. उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी आलेत एवढंच ऐकलं होतं.

साडेचारला निघालो. दोन्हीकडे पाणी दिलेला ऊस. रस्ता ओढ्यात उतरला की गुडघे बधिर व्हायचे, वर चढलं की जरा बरं वाटायचं. गार हवा जड, ती खोलगटातच साचून राहते. आमचं ठरलेलं होतं: पुढच्याने वारा खायचा, मागच्याने त्याच्या स्वेटरच्या खिशात हात घालून बसायचं आणि दर गावाला जागा बदलायची. मदनवाडीपाशी माझी पाळी आली, तर हा उतरेचना. "तुला खोकला झालाय, बस गप मागं." तिथून डिकसळपर्यंत त्यानेच चालवली. पोचलो तेव्हा त्याची बोटं क्लचवरून सुटत नव्हती, मी एकेक सोडवली. टोपी जळाली ती तिथल्या शेकोटीवर.

उजाडलं, धुकं विरलं. लांब पाण्यात एक पांढरट रेघ दिसत होती, ती अचानक उडाली आणि पंखांतून लालच लाल. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो! आम्ही दोघंही कितीतरी वेळ काही बोललो नाही.

तुमच्याही अशा फेऱ्या असतील. लिहा.

करमाळकर
भिगवणला जाऊन चिलापी मासळी न खाता आलात??

पाणथळ
खाल्ली की! रस्सा आणि बाजरीची भाकरी, सकाळी नऊला.

द्राक्षबाग
आमची हौसेची फेरी नव्हे, कामाची. निफाडकडे पारा घसरला की रात्री झोप नाही. मणी तडकले तर वर्षाचं पीक गेलं. शेजारचा मित्र राजदूत मोटरसायकल घेऊन यायचा, मागे मी काडीकचऱ्याची पोती धरून. तीन वाजता आधी त्याच्या बागेत शेकोट्या, मग माझ्या. धूर बागेवर पसरला की जीव भांड्यात पडायचा. पहाटे ठिबक सोडायचं, ते पाणी हवेपेक्षा उबदार असतं. एका वर्षी त्याची बाग गेली, माझी वाचली. तरी दुसऱ्या रात्री तो आला. माझ्या बागेसाठी. यावर जास्त लिहवत नाही.

सायली_व
द्राक्षबाग, वाचून गलबललं.

हुरडाप्रेमी
मंगळवेढ्याकडं या मंडळी. गाडी बांधावर लावायची, गोवऱ्यांची आगटी पेटवायची, गूळभेंडी ज्वारीची कणसं भाजून गरम गरम हातावर चोळायची. लसणाची चटणी, दही, गूळ. दुपारी परत निघताना मागं बसलेला हमखास झोपतो, त्याला धरून आणायचं काम पुढच्याचं.

सायली_व
आम्ही दोघी लूनावर कॉलेजला. पहाटेचा क्लास, तेरा किलोमीटर. आई स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालून द्यायची, त्यातून वारा अजिबात शिरत नाही. कुणाला माहीत नसेल तर करून बघा. मैत्रीण रसायनाची सूत्रं मोठ्याने म्हणायची, मी मागून चुका काढायची. दोघी पास झालो. दूध उतू जातंय, बाकी नंतर.

घाटवाट
एक कळकळीने सांगतो, रागावू नका. उसाच्या गळीत हंगामात अंधारात गाडी काढू नका. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर धुकं. माझा मित्र २०११ च्या डिसेंबरमध्ये उभ्या ट्रॉलीवर गेला. वाचला, पण उजवा पाय अजून पूर्ण वाकत नाही. मी मागे होतो, मला खरचटलंसुद्धा नाही. उजाडल्यावर निघा. पक्षी थांबतात.

पाणथळ
घाटवाट, खरं आहे. आम्हीही साडेचारला निघालो होतो, तेव्हा कळत नव्हतं. मित्राला नमस्कार सांगा.

युट्रेख्तकर
इथे नेदरलँड्समध्ये रोजच सायकल. रस्त्यावर बर्फाचा न दिसणारा थर असला की वळणावर ब्रेक दाबायचा नाही, हे सांगलीच्या मित्राने शिकवलं. तो पुढे, मी त्याच्या चाकाच्या रेघेवर. घरी पोचल्यावर पिठलं.

हुरडाप्रेमी
पिठलं! तिथं बेसन मिळतं का?

युट्रेख्तकर
मिळतं, सुरिनामी दुकानात.

माळढोक७
यंदा रोहित आलेत का हो? मुलीला दाखवायचेत.

करमाळकर
धरण भरलेलं असलं की उशीर होतो. पाणी उतरून चिखल उघडा पडला की येतात, उथळ पाण्यातच चरतात ते. पट्टकदंब हंस मात्र दिसतील, हिमालय ओलांडून आलेले. कुंभारगावला सकाळी होडी मिळते. नाववाल्याला सांगा, थव्याच्या फार जवळ नेऊ नको, उडवू नको.

माळढोक७
आभारी आहे. मुलगी आठ वर्षांची आहे, होडीत चालेल ना?

पाणथळ
मित्राला टोपीचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तो गाडी चालवत नाही. म्हणाला, "आता मी मागं."

करमाळकर
माळढोक, चालेल. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि कानटोपी विसरू नका, पाण्यावर वारा फार लागतो.