उत्तराखाली आपलं नाव-नंबर टाकावा का?

मुरारजीपेठ_खतावणी

आमच्या करसल्लागारांच्या ग्रुपवर परवा एकाने विचारलं: पार्टी (म्हणजे आमचं गिऱ्हाईक) चादरी विकते, बराचसा माल हजाराच्या आतला, पण एक सेट अडीच हजाराच्या वर जातो, जीएसटीचा दर कुठला लावू? प्रश्न सरळ आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून नगाला 2500 रुपयांपर्यंत 5 टक्के, त्याच्यावर गेलं की 18.

पहिलं उत्तर आलं, 'या विषयावर माझा सविस्तर व्हिडिओ आहे, चॅनेल सबस्क्राइब करा.' दुसरं आलं, 'फोन करा, सांगतो.' तिसऱ्याने दर सांगितला, सेट एक नग धरायचा की आतली चादर आणि उशांचे अभ्रे सुटे मोजायचे हा खरा घोळ कुठे आहे तेही समजावलं, आणि खाली नाव, ऑफिसचा पत्ता, मोबाइल नंबर टाकला.

ॲडमिननी तिघांनाही एकाच शब्दांत तंबी दिली: ग्रुपवर जाहिरात चालणार नाही. मला हे पटलेलं नाही. पहिल्या दोघांनी विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. तिसऱ्याने आधी काम केलं, मग नाव सांगितलं. उत्तर ग्रुपवरच पुरं होत असेल तर खालच्या दोन ओळी कुणाला खुपायचं कारण नाही. तुम्हाला काय वाटतं?

साखरपेठ_सीए

ॲडमिन बरोबर आहेत. ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर तसाही दिसतो. तो पुन्हा खाली लिहिला की हेतू उघडच झाला.

आणि तो तिसरा सीए असेल तर प्रश्न शिष्टाचाराचा राहतच नाही. 1949 च्या सीए कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, भाग एकमध्ये, खंड 6 आणि 7 वाचा. पत्रक काढून, जाहिरात देऊन, स्वतः गाठून किंवा आणखी कुठल्या मार्गाने काम मागणं हे गैरवर्तन धरलंय. वकिलांनाही काम मागायला मनाई करणारा बार कौन्सिलचा नियम 36 आहेच. 2008 मध्ये त्यांना वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं टाकायची मुभा मिळाली, पण काम मागायची नाही. हे नियम करणारे खुळे नव्हते. ज्याला आपला हिशेब उघडा करून दाखवायचा, तो माणूस गिऱ्हाईक शोधत फिरताना दिसला की विश्वास जातो.

पूर्वभाग_जीएसटीपी

सर, मी सीए नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 48 खाली नोंदणी झालेला, परीक्षा पास झालेला जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे जीएसटीपी आहे. तुमचे खंड 6 आणि 7 मला लागत नाहीत. मग तुमच्या घरचा नियम अख्ख्या ग्रुपला का?

दुसरं. तुमची पाटी भर रस्त्यावर आहे, माझं ऑफिस अशोक चौकाच्या आतल्या गल्लीत घराच्या माडीवर. मला कोण शोधत येणार? आणि जाहिरात म्हणजे फक्त नंबर का? 'अमुक परिसंवादात मार्गदर्शनाची संधी मिळाली, आयोजकांचा आभारी आहे' असा शाल-श्रीफळाचा फोटो दर आठवड्याला पडतो. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागते. त्याला अजून कुणी तंबी दिलेली बघितली नाही. ज्येष्ठांचा तो सन्मान आणि आमची ती जाहिरात, होय की नाही?

साखरपेठ_सीए

फोटोचं तुमचं मान्य. तेही बंद व्हावेत. पण त्यामुळे नंबर बरोबर ठरत नाही.

अक्कलकोटरोड_टॉवेल

मी तुमच्यातला नाही, पैसे देणाऱ्या बाजूचा आहे, म्हणून बोलतो. आमच्या सुताच्या ग्रुपवर रोज सकाळी दलाल भाव टाकतात, खाली नंबर. ती जाहिरातच की मालक! आणि आम्ही ग्रुप उघडतो तेच बघायला. कुणी खोटा भाव टाकला तर दुपारपर्यंत चार जण त्याला उघडं पाडतात. जाहिरात बंद केली तर आमचा ग्रुप बंदच पडेल.

तुम्ही शिकलेले लोक इतके का लाजता?

मुरारजीपेठ_खतावणी

काका, सुताचा भाव सगळ्यांना कळतो. सल्ला चूक होता हे दोन वर्षांनी नोटीस आली की कळतं. तिथे चार जण दुपारपर्यंत उघडं कसं पाडणार? तुमचा ग्रुप बाजार आहे, आमचा तसा नाही. निदान असू नये.

नवीपेठ_वकील

सगळे नंबरावर भांडताय, खरं दुखणं दुसरीकडे आहे. ते कुणाला दिसतच नाही, म्हणून ॲडमिनही त्यावर बोलत नाहीत.

आमच्या एका ग्रुपवर नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या मुलीने नोटिशीचा फोटो टाकून विचारलं, उत्तर कसं लिहू? वरचा जीएसटी नंबर झाकायचा राहिला होता. ग्रुपवर एकानेही उत्तर दिलं नाही. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की धंद्याचं नाव आणि पत्ता कुणालाही दिसतो, हे तुम्हाला माहीत आहेच. संध्याकाळी तिच्या पार्टीलाच फोन गेला: 'तुमच्या मॅडमना हे झेपत नाहीये असं दिसतंय, आम्ही बघू का?' पार्टी गेली. फोन करणारा ग्रुपवर कधी एक ओळ लिहीत नाही. त्याचा नंबर कुठल्याही उत्तराखाली सापडणार नाही. तुमच्या नियमाने तो सगळ्यात सभ्य सभासद!

त्यानंतर त्या ग्रुपवर नोटिशीबद्दल विचारायचं सगळ्यांनी सोडलंय. आता तिथे शुभ सकाळ, वाढदिवस आणि मुदतवाढीच्या अफवा एवढंच चालतं. उघड नंबर टाकणारा परवडला, निदान तो कोण आहे ते कळतं. तंबी द्यायची तर अशाला द्या.

पूर्वभाग_जीएसटीपी

ताई, हे लई खरं बोललात. माझ्या ओळखीतही असंच झालंय.

जुळेसोलापूर_संगणक

थोडा इतिहास. एप्रिल 1994 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या दोन वकिलांनी यूजनेट या तेव्हाच्या ऑनलाइन चर्चाजाळ्यावरच्या हजारो चर्चागटांत एकच जाहिरात टाकली होती: ग्रीन कार्ड लॉटरीचा अर्ज आमच्याकडून भरून घ्या. कुत्री पाळणाऱ्यांच्या गटातही तीच आणि गणितवाल्यांच्याही. लोकांनी निषेधाचे इतके संदेश पाठवले की त्यांना जोडणी देणाऱ्या कंपनीचे संगणक बसले. वकिलांना खेद नव्हताच, उलट इंटरनेटवर पैसा कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. म्हणजे लाज वाटेल म्हणून लोक थांबतील, या भरवशावर ग्रुप चालत नाही. नियम लिहूनच ठेवावा लागतो.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर नियम असा आहे: आपल्या वस्तूचा उल्लेख करायचा तर ती आपली आहे हे त्याच उत्तरात सांगायचं. आपल्याकडे याचा पत्ता नाही. 'मी अमुक सॉफ्टवेअर वापरतो, रिटर्न पटकन होतं' असं लिहिणारा त्याचाच डीलर असतो. आपल्या जाहिरात मानक परिषदेनेही 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरना पैशाचा संबंध जाहीर करायला सांगितलंय. मग करसल्लागारांनी का सांगू नये?

नवीपेठ_वकील

डीलर पकडायचं काम कोण करणार पण? ॲडमिनला फुकटची फौजदारी.

ॲडमिन_विजापूररोड

माझंच नाव निघतंय म्हणून लिहितो. तिघांना एकच तंबी दिली कारण हजाराच्या घरातल्या ग्रुपवर प्रत्येक उत्तर तपासत बसायला मला वेळ नाही. सरसकट नियम राबवायला सोपा. आधी 'जाहिराती फक्त रविवारी' करून बघितलं होतं. रविवारी इतका पूर आला की लोकांनी ग्रुप म्यूट केला आणि सोमवारचे प्रश्नही बुडाले. नुसतं ॲडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग करता येतं, पण मग चर्चा कसली, तो सूचनाफलकच.

वकील मॅडमच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पार्टीला गेलेला फोन मला दिसत नाही. नोटीस टाकताना नाव-नंबर झाका, एवढं मी रोज सांगू शकतो.

खतावणी म्हणतात तसं करू: पूर्ण उत्तराखाली एक ओळ, नाव आणि पेठ. मोबाइल नंबर नको, लिंक नको, सत्काराचे फोटो नकोत. सॉफ्टवेअरचं नाव घ्याल तर डीलर आहात की नाही ते लिहा.

साखरपेठ_सीए

म्हणजे जीएसटीपी मंडळी नाव-पेठ लिहिणार, आणि सीए मंडळी उद्या कुणी तक्रार करेल या भीतीने तेही लिहिणार नाहीत. हा कसला समान नियम?

पूर्वभाग_जीएसटीपी

सर, टॅक्स ऑडिटवर सही तुम्हालाच करता येते, मला नाही. त्याला मी कधी अन्याय म्हटलं का? एक ओळ तेवढी आम्हाला राहू द्या की.

ॲडमिन_विजापूररोड

मंडळी, 3बी या जीएसटीच्या मासिक रिटर्नची 20 तारीख तोंडावर आहे. मत 21 ला घेऊ. तोवर फोटो, नंबर, व्हिडिओ सगळं बंद, आणि 'फोन करा, सांगतो' हेसुद्धा.