मदत हवी आहे: पीटच्या दलदलीत सेज गवत मिथेन वाढवतं, पण नेमकं कशामुळे?

नमस्कार मंडळी,

पदव्युत्तर प्रकल्पासाठी पीट बॉगमधून (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची दलदल) निघणारा मिथेन मोजते आहे आणि एका ठिकाणी अडले आहे. पाण्याखालच्या ऑक्सिजनविरहित थरात आर्किया (जीवाणूंसारखे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) मिथेन तयार करतात आणि वरच्या हवेशीर थरातले जीवाणू त्यातला बराचसा खाऊन टाकतात, इथवर ठीक. घोळ होतो तो वनस्पतींपाशी.

पाण्याची पातळी सारखीच असूनही इरिओफोरम (कॉटनग्रास, एक सेज) असलेल्या चेंबरमध्ये (वायू मोजायला जमिनीवर ठेवलेली बंद पेटी) मिथेन कितीतरी जास्त येतो, नुसत्या स्फॅग्नम मॉसवर कमी. स्फॅग्नमचं समजतं. त्याच्या मृत, पोकळ पेशींत मिथेन खाणारे जीवाणू राहतात आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मॉसच्याच कामी येतो. इरिओफोरम मात्र एकाच वेळी तीन गोष्टी करतं. मुळांपासून पानांपर्यंतच्या हवेच्या पोकळ्यांतून मिथेन त्या जीवाणूंना चुकवून थेट वर जातो. मुळांतून पाझरणारी ताजी सेंद्रिय द्रव्यं आर्कियांचं खाद्य बनतात. आणि त्याच पोकळ्यांतून ऑक्सिजन खाली उतरतो, म्हणजे मुळांभोवती थोडा मिथेन नष्टही होतो.

हे तिन्ही वेगळं कसं काढायचं? सरांनी गवत कापून मोजायला सांगितलं आहे. पण पाण्याच्या वर कापलं तर देठाची नळी उघडीच राहते. पाण्याखाली कापलं तर ती बंद होते, पण मग मुळं कुजून आर्कियांना नवं खाद्य मिळेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:

शंका अगदी रास्त आहे. कापणीचा उपयोग फक्त पोकळ्यांतून होणारी मिथेनची वाहतूक मोजण्यापुरता करा. पाण्याखाली कापून त्याच दिवशी मोजा, कुजणं जोर धरण्याआधी. सोबत मुळांच्या खोलीवरच्या पाण्यातला विरघळलेला मिथेनही मोजत राहा. वरचा प्रवाह घटला आणि खाली मिथेन साठू लागला, तर वाट बंद झाल्याचं त्यातून कळेल. एकटा प्रवाहाचा आकडा फसवतो.

खाद्याच्या प्रश्नाला कार्बन-१३ (कार्बनचा जड, स्थिर प्रकार) वापरा. पारदर्शक चेंबरमध्ये खूण केलेला कार्बन डायऑक्साइड द्या आणि पुढचे काही दिवस तो मिथेनमध्ये उतरतो का ते बघा. ऑक्सिडेशन, म्हणजे मुळांभोवती किती मिथेन नष्ट होतो, ते मोजण्यासाठी मिथाइल फ्लोराइडने मिथेन खाणारे जीवाणू रोखता येतात, पण मात्रा जपून ठरवा. जास्त झालं तर अ‍ॅसिटेटपासून मिथेन बनवणारे आर्कियाही मंदावतात आणि निष्कर्ष उलटा निघू शकतो.

आणखी एक. चेंबरजवळ पाय पडला की पीटमध्ये अडकलेले बुडबुडे सुटतात आणि आकडा एकदम उसळतो. फळ्यांवरून चालता ना? आणि सध्याचं चेंबर पारदर्शक आहे की झाकलेलं? काही सेजमध्ये पर्णरंध्रं मिटली की मिथेनचा प्रवाहही बदलतो, त्यामुळे हे कळल्याशिवाय तुमच्या आकड्यांची तुलना करता येणार नाही.