ग्रामसभेचे इतिवृत्त लवकर व बिनचूक तयार करण्यासाठी कोणत्या कळा वापराव्यात?

प्रश्न : संगणक परिचालक, घाटंजी तालुका

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेचे इतिवृत्त वर्डमध्ये टंकित करीत असताना लाईन गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली असल्याने संगणक लगेच बंद पडला आणि घरकुलाच्या यादीसह शेवटची दोन पाने गेली. ती ग्रामसेवकांच्या वहीवरून पुन्हा लिहावी लागली. शिवाय मागच्या इतिवृत्ताची प्रत घेऊन नवे तयार करताना वर्ष जागोजागी हाताने बदलावे लागते आणि एखादे राहूनच जाते. जाणकारांनी कृपया मार्ग सांगावा.

उत्तर १ : सेवा केंद्रचालक, आर्वी

भाऊ, प्रत्येक परिच्छेद संपला की फाइल राखण्यासाठी कंट्रोल व एस दाबण्याची सवय बोटांना लावून घ्या, कारण आपल्याकडील विजेवर विसंबून राहता येत नाही. वर्ड दर दहा मिनिटांनी स्वतःहून प्रत राखते. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह येथे जाऊन ती वेळ दोन मिनिटांवर आणावी. फाइलला पहिल्यांदा नाव देण्याचे काम मात्र लिहायला सुरुवात करण्यापूर्वीच उरकावे.

वर्ष बदलण्यासाठी शोधून बदलण्याची खिडकी उघडणारी कंट्रोल व एच ही कळजोडी आहे, पण ‘रिप्लेस ऑल’ दाबण्याची घाई करू नका. ‘२०२४-२५’ च्या जागी सरसकट ‘२०२५-२६’ केले, तर ‘सन २०२४-२५ मध्ये झालेला खर्च वाचून कायम करण्यात आला’ हे वाक्यही बदलते आणि झालेला खर्च पुढच्या वर्षात जाऊन बसतो. माझ्या हातून नेमके हेच झाले होते व सह्या झाल्यावर ते ध्यानात आले. म्हणून ‘फाइंड नेक्स्ट’ने एकेक जागा पाहावी आणि जिथे बदल हवा तिथेच ‘रिप्लेस’ दाबावे. चुकून सगळे बदललेच, तर लगेच कंट्रोल व झेड दाबल्यास सर्व बदल एकदम मागे फिरतात.

यादीतील एखादी ओळ वर-खाली न्यायची असल्यास कर्सर त्या ओळीत ठेवून ऑल्ट, शिफ्ट आणि वरचा किंवा खालचा बाण दाबावा. कापून चिकटवण्याची गरज उरत नाही. नवे पान कंट्रोल व एंटरने सुरू करावे, एंटर दाबत दाबत खाली जाऊ नये.

उत्तर २ : शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, चिखलदरा तालुका

दादा, मराठीत शोध घेताना एक गोष्ट ध्यानात असावी. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो : कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, तर कोणी साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते वेगळे असल्याने एक शोधताना दुसरा सापडेलच असे नाही. इनस्क्रिप्ट या कळफलक-मांडणीत शिफ्ट व जे, मग डी, मग तिरकी रेघ (/) या क्रमाने ‘ऱ्य’ उमटतो. कार्यालयात सर्वांनी हीच पद्धत ठेवावी. शोधताना ‘शेतक’ एवढेच लिहिले, तर दोन्ही रूपे हाती लागतात.

जुन्या कृतिदेव फाँटमधील मजकूर मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण अक्षर-संकेतांत, लिहून शोधला तर मुळीच सापडत नाही. आधी तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत.

उत्तर ३ : ग्रंथपाल, भंडारा जिल्हा

वर्डसारख्याच लिब्रे ऑफिस या मोफत प्रणालीमध्येही कंट्रोल व एच चालते. संकेतस्थळावरून घेतलेल्या मजकुराची रंगरूपे नको असल्यास तिथे कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट व व्ही एकत्र दाबावे.

प्रश्नकर्ता

ताई, तुमचे म्हणणे तपासून पाहिले. मागील इतिवृत्तात ‘शेतकऱ्यांना’ शोधल्यावर तीन ठिकाणी सापडले, ‘शेतक’ शोधल्यावर आणखी चार जागा निघाल्या. राखण्याची वेळ दोन मिनिटांवर आणली आहे. यूपीएसची बॅटरी बदलून मिळावी, असा अर्ज आज दिला.