‘पुनर्विवाहितांनी प्रभुभोजनाला येऊ नये’ म्हणे. मग कोणी यावं?

सावेडीकर
चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. आता टाकतेच.

मंगळवारी बर्णबा यांनी एक पोस्ट टाकली होती. वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा मथितार्थ असा: ख्रिस्ती घटस्फोट कायद्याच्या २००१ च्या दुरुस्तीने ख्रिस्ती घरं मोडायचा परवाना दिला. मलाखी २:१६ (‘घटस्फोटाचा मी द्वेष करतो’) स्पष्ट आहे. घटस्फोटानंतरचं दुसरं लग्न म्हणजे रोजचा व्यभिचार. अशांना प्रभुभोजन (उपासनेतली भाकरी नि द्राक्षारस) देणाऱ्या पाळकांना मंडळीने जाब विचारावा. आणि शेवटचा टोला, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, स्वतः ख्रिस्ती झाल्यावर, बायको लक्ष्मीबाईंची पाच वर्षं वाट पाहिली, आजच्यांना पाच महिने धीर धरवत नाही. खाली आमेनची रांग.

मी त्या ‘अशां’पैकी एक. लग्न १९९१ ला, नगरलाच, भर मंडळीत. १९९४ ला नवरा आखातात गेला. दोन पत्रं आली, मग तीही बंद झाली. तिकडे त्याने दुसरा संसार थाटल्याचं त्याचाच भाऊ सांगायचा, पण कोर्टात उभं राहायला तयार नव्हता. तेव्हाचा कायदा १८६९ चा. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की त्याचं काम भागायचं. बायकोला मात्र व्यभिचार अधिक क्रूरता, नाहीतर व्यभिचार अधिक दोन वर्षं टाकून जाणं, असं दुहेरी ओझं. मस्कतमधल्या बिऱ्हाडाचा पुरावा सावेडीतल्या बाईने कुठून आणायचा? तुम्ही ज्याला परवाना म्हणता त्या २००१ च्या दुरुस्तीनंतर नुसत्या टाकून जाण्यावर मला घटस्फोट मिळाला, २००३ मध्ये. नऊ वर्षं झाली होती, बर्णबा. पाच महिने नाही.

२००६ मध्ये एका विधुराने मागणी घातली. पाळक म्हणाले, कायद्याने तुम्ही मोकळ्या, देवापुढे नाही. मग नोंदणी लग्न केलं. तीस दिवस माझं नाव कचेरीच्या भिंतीवर होतं. पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट आमच्या बाकापाशी आलं, ह्यांच्यापुढे थांबलं आणि माझ्यापुढून निघून गेलं. एकच बाक, एकच लग्न.

आणि टिळकांनी वाट पाहिली? वाट कोणी पाहिली ते एकदा नीट आठवा.

बर्णबा
ताई, पोस्ट कोणा एकाला उद्देशून नव्हती. तुमच्या दुःखाचा आदर आहे. पण दुःख हे वचनावरचं भाष्य नव्हे. देवाने जे जोडले ते माणसाने तोडू नये, मत्तय १९:६. व्यभिचाराचा अपवाद प्रभूने स्वतः ठेवला, तो मला मान्य आहे. पण वेगळं झालेलीने लग्नावाचून राहावं किंवा नवऱ्याशी समेट करावा, हे पौलाने १ करिंथ ७:११ मध्ये लिहिलं आहे, मी नाही. आणि राहिलं ताटाचं, तर नियमाने ते दोघांपुढेही थांबायला नको होतं. टाकलेलीशी लग्न करणाराही त्याच दोषात येतो, मत्तय ५:३२.

सावेडीकर
वा. म्हणजे अन्याय झाला तो माझ्यावर नाही, ह्यांना ताट मिळालं हाच.

संशयी थोमा
तीन वर्षं सेमिनरीत काढून बाहेर पडलेला माणूस आहे, तेव्हा थोडं सहन करा.

मलाखी २:१६ इतका स्पष्ट नाही. मूळ हिब्रूत क्रियापद तृतीय पुरुषी आहे. ‘मी द्वेष करतो’ की ‘जो द्वेष करून बायकोला टाकतो’ यावर भाषांतरंच भांडतात. दुसऱ्या वाचनात तो अध्याय बायको टाकणाऱ्या पुरुषांना झापतो आहे, टाकलेल्या बायकांना नाही.

मत्तय १९ मध्ये परूशी विचारतात ते ‘कोणत्याही कारणावरून’ बायको टाकता येते का. हा त्या काळचा चालू वाद होता. हिल्लेल या यहुदी गुरूचे शिष्य म्हणत, स्वयंपाक करपला तरी सूटपत्र द्या. शम्मायचे म्हणत, बदफैली असेल तरच. येशू त्या बायकांच्या बाजूने उभा राहतो, ज्यांना करपलेल्या भाकरीवरून रस्त्यावर काढलं जायचं. तेच वचन आज टाकून दिलेल्या बाईवर उगारायचं याला काय म्हणावं?

आणि अपवादाला मत्तय ‘पोर्नेइआ’ (एकूणच लैंगिक बदफैली) शब्द वापरतो, व्यभिचाराचा नेहमीचा ‘मोइखेइआ’ नाही. मार्काच्या शुभवर्तमानात तर अपवादच नाही. वचन एकच आणि स्वच्छ असतं तर शुभवर्तमानांत हा फरक पडलाच नसता.

निर्मळकर
म्हणूनच आम्ही कॅथलिक बरे. प्रत्येकाने आपापलं ग्रीक काढायचं नाही. विवाह हा संस्कार आहे, तो तुटत नाही. विषय संपला.

संशयी थोमा
तुटत नाही, फक्त ‘झालाच नव्हता’ असं ठरतं. वसईच्या वाटेवर तीन मुलं झालेलं आणि झालंच नव्हतं असं लग्न मला ठाऊक आहे.

निर्मळकर
घटस्फोट आणि अ‍ॅनलमेंट यातला फरक कळत नसेल तर बोलू नये. लग्नाच्या क्षणी संमतीच खोटी किंवा अपुरी असेल तर बंधन तयारच होत नाही. मुलं औरसच राहतात, तेही कॅनन कायद्यात, म्हणजे चर्चच्या कायद्यात, लिहिलेलं आहे. आणि तुमचं चर्च तर इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाच्या घटस्फोटातून जन्मलं, तुम्ही कोणाला सांगता?

सावेडीकर
दादा, आम्ही नगरचे, अमेरिकन मराठी मिशनचे. आमचे मिशनरी १८३१ मध्ये बॉस्टनवाल्यांनी नगरला धाडले, ते काँग्रिगेशनल होते, इंग्लंडच्या चर्चपासून वेगळे. हेन्री आमचा कोणी लागत नाही. तो तिकडे एसपीजी या अँग्लिकन मिशनवाल्यांना विचारा.

संशयी थोमा
शिवाय हेन्रीने घटस्फोट मागितलाच नव्हता. पहिलं लग्न मुळात वैधच नव्हतं असं ठरवून मागत होता. म्हणजे तुमचंच अ‍ॅनलमेंट, निर्मळकर. पोपने दिलं नाही इतकंच.

निर्मळकर
बरं, हेन्री मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

आगाशीची
निर्मळकर, ‘विषय संपला’ इतक्या सहज म्हणालात म्हणून लिहिते. माझ्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा मुलाचा मानसिक आजार आणि वर्षानुवर्षांचे उपचार लपवले होते. विवाहपूर्व शिबिरात दोघं शेजारी बसले, प्रमाणपत्र मिळालं, बॅन्स (लग्नाची जाहीर घोषणा) वाचले गेले, कोणी हू की चू केलं नाही. आठव्या महिन्यात ती घरी आली. चर्चच्या ट्रायब्युनलला (न्यायालयाला) अर्ज २००९ मध्ये. आईने साक्ष दिली, डॉक्टरांचे कागद दिले, मलाही बोलावलं. बहिणीला असे प्रश्न की मला ते इथे लिहवत नाहीत. दोन वर्षांनी निकाल लागला, तिच्या बाजूने. मग कळलं, एवढ्याने भागत नाही, दुसऱ्या चर्च न्यायालयानेही तेच म्हणायला हवं. आणखी दीड वर्ष. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी ती दुसऱ्या निकालाची अट काढली. तोवर आमचं सगळं भोगून झालं होतं.

अर्ज केला तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. हातात कागद आला तेव्हा स्थळं येणं थांबलं होतं.

मी आजही दर रविवारी मिस्साला जाते, आणि माझी श्रद्धा कोणापेक्षा कमी नाही. पण ‘विषय संपला’ म्हणू नका.

निर्मळकर
ताई, माफ करा. हे मला माहीत नव्हतं.

वकीलबाई
आगाशीच्या ताईंनी अर्धंच सांगितलं असावं. ट्रायब्युनलचा कागद दिवाणी कायद्यात चालत नाही. १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, आणि चर्चच्या निकालांना मान्यता द्या ही याचिका २०१७ मध्ये फेटाळली. तरी माझ्याकडे दर वर्षी एखादं प्रकरण येतंच: चर्चने लग्न रद्द केलं, चर्चनेच दुसरं लावलं, कोर्टाचा घटस्फोट नाही, आणि पहिल्या जोडीदाराने द्विभार्येची फिर्याद ठोकली. धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) हे कोणी ठणकावून सांगत नाही.

बर्णबांच्या ‘परवान्या’बद्दल. २००१ पूर्वी जिल्हा कोर्टाने दिलेला ख्रिस्ती घटस्फोट उच्च न्यायालयात तीन न्यायाधीशांपुढे कायम करून घ्यावा लागे. दुसऱ्या कोणाला नाही, फक्त आपल्याला. बायकोवरची ती दुहेरी अट मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्येच घटनाबाह्य ठरवली होती, संसद चार वर्षांनी जागी झाली. आणि परस्पर संमतीला हिंदूंना वर्षभर वेगळं राहणं पुरतं, आपल्या कलम १०अ मध्ये दोन वर्षं लिहिली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दोनाचं एक केलं, आपल्याकडे तो निवाडा अजून वाचून दाखवावा लागतो. परवाना म्हणे.

कंपाउंडवाला
सगळे विद्वान जमलेत म्हणून विचारतो. प्रभुभोजन कोणाला द्यायचं ते ठरवणारी कमिटी मिशन कंपाउंडची जागा कोणाला द्यायची तेही ठरवते. आमच्या गावात बोर्डिंगच्या मैदानावर आता दुकानगाळे आहेत. सह्या करणारे पहिल्या बाकावर बसून भाकरी घेतात. त्यांच्यापुढून ताट गेलेलं मी पाहिलं नाही.

बर्णबा
जागेचा विषय वेगळा आहे. इथे नको.

कंपाउंडवाला
तुम्हाला तो नेहमीच वेगळा वाटतो.

बर्णबा
सावेडीकर ताईंनी टिळकांबद्दल खोचक लिहिलं त्याला उत्तर द्यायचं राहिलं. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला, लक्ष्मीबाईंचा १९००ला. मधल्या काळात त्या माणसाने दुसरं लग्न केलं नाही. याला वाट पाहणं नाही तर काय म्हणतात?

सावेडीकर
न सांगता बाप्तिस्मा घेतला टिळकांनी. नातेवाइकांच्या दारी गेल्या त्या लक्ष्मीबाई. लोकांचं बोलणं खाल्लं त्यांनी, पोराला घेऊन दिवस काढले त्यांनी. नवऱ्याचं डोकं शांत होण्याची, पोराच्या भवितव्याची, स्वतःच्या मनाची वाट त्या पाहत होत्या. आल्या तेव्हाही सोवळं लगेच सुटलं नाही, ते त्यांनी स्वतःच्या डोक्याने, स्वतःच्या वेळेला सोडलं. आपल्या मंडळीत वर्षानुवर्षं टिळकांच्या धीराचा उपदेश ऐकतेय मी. बाईंच्या धीराचा एकदाही नाही.

संशयी थोमा
यात एक गंमत आहे. टिळकांच्या हाती १८६६ चा धर्मांतरितांचा विवाहविच्छेद कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने नांदायला येत नसेल तर कोर्टात जायचं, कोर्ट त्या जोडीदाराला विचारून वर्षभराची मुदत देणार, तरी नकार आला तर लग्न मोडणार आणि धर्मांतरिताला पुन्हा लग्न करता येणार. मिशनऱ्यांना पौलाचं १ करिंथ ७:१५ यासाठीच हवं होतं: विश्वास न ठेवणारा वेगळा होतो तर होवो, भाऊ-बहीण बांधलेले नाहीत. म्हणजे ख्रिस्ती घटस्फोट आणि पुनर्विवाह या देशात आणला तो तुमच्या २००१ ने नाही, मिशनच्या आग्रहाने आणि तोही वचनावर बोट ठेवून.

बर्णबा
तुम्ही माझाच मुद्दा पक्का केला. कायदा हाताशी असून टिळकांनी वापरला नाही.

सावेडीकर
हे मान्य. तेवढं श्रेय टिळकांचं. (लिहिताना दात ओठ खाल्ले.)

वकीलबाई
पण त्या कायद्याच्या भाषेत ‘टाकून जाणारी’ कोण ठरली असती बघा. लक्ष्मीबाई. घर, धर्म, नातं काहीही न बदलता होती तिथेच राहिलेली बाई सोडून जाणारी, आणि सगळं बदलून आलेला पुरुष सोडला गेलेला.

पुण्याचा पेंटर
मी फक्त लग्नाच्या बोर्डांची कामं करतो, पण तिकडे लक्ष्मीबाईंना ‘सोडलेली’ म्हणायचे की ‘टाकलेली’, हे कोणी सांगेल का? माझी आजी आयुष्यभर ‘टाकलेली’ होती. आजोबा पुढच्या गल्लीत राहायचे.

निर्मळकर
टिळकांवर इतकं कोणी चिडेल असं वाटलं नव्हतं. ते कवी होते, सोडा ना. त्यांची भजनं आम्हीही म्हणतो.

सावेडीकर
मीही म्हणते. चिडते म्हणजे म्हणत नाही असं कुठे आहे?

संशयी थोमा
निर्मळकर, तुमच्याकडेही दार किलकिलं झालंय. २०१६ मध्ये फ्रान्सिसनी एका तळटिपेत, ३५१ नंबरची, काही प्रसंगी घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांनाही संस्कारांचा आधार मिळू शकतो असं लिहिलं. ख्रिस्तशरीर (म्हणजे प्रभुभोजन) हे निर्दोषांना बक्षीस नाही, दुबळ्यांना औषध आहे, हेही तिथेच.

निर्मळकर
तळटिपेवरून चर्च चालत नाही. (आमचे फादर चालवतात, हे खरं. पण ते मी इथे सांगितलं असं म्हणू नका.)

बर्णबा
दोन दिवस विचार केला. घटस्फोट आणि पुनर्विवाह याबद्दल माझं मत बदललेलं नाही आणि बदलणार नाही. ताई, टाकून गेलेल्याची जबाबदारी टाकून गेलेल्यावर असते हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, ते राहिलं. पाळकांना जाब विचारण्याबद्दलचं वाक्य काढलं आहे. टिळकांचंही. बाकी पोस्ट तशीच.

सावेडीकर
म्हणजे मी व्यभिचारिणी राहिले, फक्त पाळक सुटले.

बर्णबा
तो शब्द मी तुमच्यासाठी वापरला नव्हता.

सावेडीकर
‘अशांना’ असा वापरला होता. जाऊ दे. पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे, नव्या पाळकांचं पहिलंच. आम्ही दोघं नेहमीच्याच बाकावर बसू. तुम्ही ताट घेऊन फिरणाऱ्या मंडळीच्या वडिलांपैकी (एल्डरांपैकी) आहात असं ऐकलं.

बर्णबा
त्या रविवारी माझी पाळी उजव्या बाजूला आहे.

सावेडीकर
आम्ही उजवीकडेच बसतो.

कंपाउंडवाला
दुकानगाळ्यांचं कोणीच बोललं नाही शेवटपर्यंत.