शब्दचर्चा : पृथ्वी 'कलते' की 'कललेली असते'?

प्रश्न : "जूनमध्ये पृथ्वी सूर्याकडे कलते, म्हणून उन्हाळा येतो." हे वाक्य चालेल का, की 'झुकते' म्हणावं? आणि 'उत्तरायण' संक्रांतीपासून धरायचं का?

प्रतिसाद १ : दोन्ही क्रियापदं नकोत. 'कलते' म्हटलं की डिसेंबरात ती उलटीकडे कलत असणार, असा समज होतो. पृथ्वीचा आस (ज्या काल्पनिक रेषेभोवती ती स्वतःभोवती फिरते) सुमारे २३.५ अंशांनी कललेलाच असतो आणि त्याचं उत्तर टोक वर्षभर ध्रुवताऱ्याकडे रोखलेलं राहतं. सूर्याभोवती फिरते ती पृथ्वी. त्यामुळे ते टोक जूनमध्ये सूर्याच्या बाजूला असतं, डिसेंबरात सूर्यापासून पलीकडे. 'कलते' ही घटना झाली, 'कललेली असते' ही स्थिती. (काही पुस्तकांत ६६.५ अंश दिसतात. तो कोन कक्षेच्या पातळीशी, २३.५ चा लंबाशी. दोन्ही बरोबर, पण सरमिसळ करू नका.)

प्रतिसाद २ : 'कलणे' हा शब्द मराठीत उन्हासाठी आधीच आहे : 'उन्हं कलली', 'दिवस कलला'. तोच इथे कामी येतो. कलतं ऊन जास्त जमिनीवर पसरतं, म्हणून कमी तापवतं. ऋतूंचं कारण म्हणून सूर्य 'जवळ-लांब' असं सांगणं मात्र कटाक्षाने टाळा. उपसूर्य स्थिती, म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, येते जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या थंडीत (सुमारे १४.७ कोटी किमी); अपसूर्य, म्हणजे सर्वांत लांब, जुलैत (१५.२ कोटी).

प्रतिसाद ३ : उत्तरायण २१-२२ डिसेंबरपासून. अयन म्हणजे जाणं. सूर्य उत्तरेकडे 'जायला लागला' एवढाच अर्थ. तो उत्तर गोलार्धात पोहोचतो २०-२१ मार्चच्या विषुवदिनाला (दिवस-रात्र जवळपास सारखे असतात तेव्हा). 'उत्तरायणात सूर्य उत्तर गोलार्धात असतो' ही चूक सर्रास होते. संक्रांत आणि अयनदिन (सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरचा दिवस) सुमारे १७०० वर्षांपूर्वी जुळत होते. आसाची दिशा फार सावकाश फिरते (एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची) आणि संक्रांत ताऱ्यांवरून मोजतात, म्हणून दर ७२ वर्षांना साधारण एक दिवस अंतर पडत गेलं. 'दिवस तिळातिळाने वाढतो' हे खरंच, पण वाढ तिळगुळाच्या तीन आठवडे आधीच सुरू झालेली असते.

प्रतिसाद ४ : सूर्याचं हे उत्तर-दक्षिण जाणं सावली मोजून दाखवता येतं. १ मीटरची काठी ओळंब्याने सरळ रोवा, जमीन सपाट हवी. मुंबईत माध्यान्हीची सावली २१ डिसेंबरला सुमारे ९२ सेंमी, विषुवदिनाला ३४. २१ जूनला जेमतेम ८, आणि तीही दक्षिणेकडे! घड्याळातल्या १२ ला मोजलंत तर आकडे चुकतील. मुंबईत माध्यान्ह बहुतेक साडेबाराच्या पुढे असते. दर पाच मिनिटांनी खुणा करून सर्वांत आखूड सावली घ्या. जूनमध्ये ढगांमुळे हा दिवस बहुधा हुकतो, म्हणून मेच्या मध्यावरचा शून्यसावलीचा दिवस (सूर्य थेट डोक्यावर, माध्यान्ही काठीची सावलीच दिसत नाही) धरा.

प्रश्नकर्ती : मग "जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याच्या बाजूला कललेला असतो, म्हणून उन्हाळा असतो" चालेल?

प्रतिसाद १ : पूर्वार्ध उत्तम. 'उन्हाळा' मात्र महाराष्ट्रातल्या मुलाला खटकेल, जूनमध्ये तो छत्री शोधत असतो. आपल्याकडे सूर्य मेमध्येच डोक्यावर येतो आणि पुढे मोसमी ढग ऊन अडवतात. 'तिथे दिवस मोठा आणि ऊन अधिक सरळ' असं लिहा. आणि सुटा शब्द 'ऋतू' दीर्घ, 'ऋतुचक्र' ऱ्हस्व.