जुन्या मराठी सिनेमांच्या व्हीसीडी हार्डडिस्कवर घ्यायच्यात, आणि ऑनलाइन बाय करावं की रेंट?

चिपळूणकर_पोरगा:
नमस्कार मंडळी, बाबांनी जमवलेल्या मराठी सिनेमांच्या व्हीसीडी आणि थोड्या डीव्हीडी दोन खोके भरून आहेत, बऱ्याचशा मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी काढल्या होत्या त्या काळातल्या. आमच्याकडची हवा दमट, काहींवर डाग पडायला लागलेत. यातले कितीतरी सिनेमे कुठल्याच ओटीटीवर नाहीत, यूट्यूबवर सापडले तर गाणी कापलेली. लॅपटॉपला तर डिस्क ड्राइव्हच नाही. दुसरं म्हणजे आईसाठी एका अ‍ॅपवर पूर्ण पैसे भरून एक सिनेमा 'बाय' केला होता, तो आता लायब्ररीतून गायब, कस्टमर केअरवाले म्हणतात आमचे हक्क संपले. मग बाय करायचं कशाला? आणि स्वतःच्या डिस्कची कॉपी काढलेली कायद्यात बसते का?

सीडीवाला_नाशिक:
आधी यूएसबीला लागणारा एक्स्टर्नल डीव्हीडी ड्राइव्ह घे. व्हीसीडीला कॉपी अडवणारं लॉक वगैरे काही नसतं, आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो त्यात डॅट फाइल असते, ती सरळ कॉपी करायची आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये लावायची, चालते. एका सिनेमाच्या दोन डिस्क म्हणजे दोन फाइली. एक मात्र सांगतो, कन्व्हर्ट करून एचडी करायच्या भानगडीत पडू नको, मुळात ते चित्रच ३५२ बाय २८८ पिक्सेलचं आहे, मोठं केलं की फक्त फाइल फुगते. मूळ फाइल आहे तशी ठेव. डीव्हीडीला बहुतेक वेळा लॉक असतं, तिथे मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर वापरतात लोक. आणि कॉपी दोन ठेव, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

कलम_५२:
कायद्याचं बघू. कॉपीराइट अ‍ॅक्ट १९५७ चा, त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२(१)(अ) मध्ये खाजगी, वैयक्तिक वापरासाठीची जी सूट आहे ती सिनेमालाही लागू झाली. त्याच वेळी ६५अ कलम आलं, लॉक तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पण ते हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला. म्हणजे विकत आणलेल्या डिस्कची घरात बघायला कॉपी, ही बाजू तुझी बळकट आहे. तीच फाइल टेलिग्राम ग्रुपवर टाकलीस की खाजगी वापर संपला. भाड्याने आणलेल्या सिनेमाची कॉपी काढून ठेवणं यात बसेल असं मला वाटत नाही, तू पैसे बघण्याचे दिलेस, ठेवण्याचे नाही. अजून एक, भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं, त्यामुळे प्रभातचा १९३६ चा संत तुकाराम केव्हाच मोकळा झालाय.

रेंटच_बरं:
आईच्या सिनेमाचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण ही स्टोअर्स विकतात ते लायसन्स, अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं फक्त ते कोणी वाचत नाही आणि बटणावर मोठ्या अक्षरात 'बाय' असतं, हे ग्राहकाला फसवणंच आहे माझ्या मते. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून कायदाच केलाय की हे लायसन्स आहे असं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'बाय' म्हणायचं नाही. आपल्याकडेही व्हायला हवा. माझा हिशोब सोपा आहे, नवा सिनेमा एकदा बघायचा असेल तर रेंट, साधारण ३० दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचा. जन्मभर ठेवायचा असेल तर डिस्क.

न्यूजर्सीची_काकू:
अरे बाळा, भारतातून डीव्हीडी आणणाऱ्यांनी तिचा रीजन, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा नंबर, बघावा, तिकडचा ५ आणि अमेरिकेचा १, इथल्या साध्या प्लेअरला लागत नाही. आणि इथे कायदा कडक आहे, स्वतःच्या डीव्हीडीचं लॉकसुद्धा घरच्यासाठी म्हणून तोडायला परवानगी नाही, त्यामुळे वरचं सगळं इथे जसंच्या तसं लागू करू नका.

रिळं_आणि_आपण:
बाबांच्या डिस्क फेकू नकोस रे, कॉपी झाल्यावरही. राजा हरिश्चंद्र १९१३ चा, आपला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा, तोसुद्धा आज पूर्ण उरलेला नाही. पुण्यात २००३ च्या जानेवारीत आग लागली त्यात जुनी नायट्रेटची, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या फिल्मची, रिळं गेली, प्रभातची पण. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून काम करतंय पण सगळंच तिथे पोचलेलं नसतं. एखाद्या छोट्या सिनेमाची तुझ्या खोक्यातली व्हीसीडी हीच उरलेली प्रत असू शकते. नावांची यादी टाक इथे, बघू काय काय आहे.

चिपळूणकर_पोरगा:
सगळ्यांचे आभार, ड्राइव्ह मागवलाय, यादी रविवारी टाकतो. डाग पडलेल्या आधी घेऊ ना? आणि वाचल्याच नाहीत तर?

सीडीवाला_नाशिक:
हो, त्याच आधी. मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल फिरवून नाही. तरी अडली तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघ, एकाला न वाचता आलेली डिस्क दुसरा बऱ्याचदा वाचतो. लेबलच्या बाजूचा थर उडाला असेल तर मात्र तेवढा भाग गेला, कारण व्हीसीडीत डेटा त्याच बाजूला असतो.